सुटीच्या दिवसाचा दाणा

"मुकं जनावर उपाशी ठेवलंस! तळतळाट लागेल तुला!" दूधवाला तबेल्याच्या दारातूनच साडूवर ओरडला.

आत ठुमकी घोडी आडवी पडली होती. अंगाला घाम सुटलेला. मान वळवून ती सारखी स्वतःच्याच पोटाकडे बघत होती. साडू तिच्या डोक्याशी बसला होता. एरवी एका शब्दाला चार शब्द परत करणारा हा विटावाला आज मूग गिळून गप्प होता. चोराच्या मनात चांदणं, दूधवाल्याला वाटलं.

दोन सख्ख्या बहिणींच्या नवऱ्यांनी मिळून घोडी घेतली, तेव्हा सगळे हसले होते. "दोन घरचा पाहुणा उपाशी," असं सासूबाई तर तोंडावर म्हणाल्या होत्या. म्हणूनच नियम ठरला. ज्या दिवशी जो राबवेल, त्या दिवशी त्याने खायला घालायचं. एक दिवस दुधाच्या किटल्या, एक दिवस विटा. सुटीच्या दिवशी दाणा अर्धा-अर्धा. परवा त्या अर्ध्यावरूनच ठिणगी पडली.

"तुझी अर्धी बादली कधी भरलेलीच नसते."

"आणि तुझ्या विटांनी तिचं कंबरडं मोडतं, त्याचं काय?"

शब्दाने शब्द वाढला. यापुढे सुटीचा एक दाणाही घालणार नाही, अशी शपथ दोघांनी घेतली आणि पाठ फिरवली.

काल सुटी होती. संध्याकाळी दूधवाल्याच्या घशाखाली घास उतरेना. जेवण टाकून तो तबेल्यात गेला. गव्हाण चाटूनपुसून साफ होती. म्हणजे साडूने खरंच कणभरही टाकलं नव्हतं. दूधवाल्याने बादलीभर हरभरा ओतला. दिवसभराची उपाशी, म्हणून वर आणखी अर्धी बादली. ठुमकीने त्याच्या खांद्यावर मान घासली. पण साडूला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे त्याने तिथेच ठरवलं. कळलं तर सुटीचा दाणा कायमचा आपल्याच गळ्यात पडायचा.

जनावरांचा डॉक्टर आला. त्याने घोडीच्या पोटाला हात लावला, कान लावला.

"वाचेल ना, डॉक्टरसाहेब? काल दिवसभर उपाशी होती ती," दूधवाला म्हणाला. "या माणसाने..."

"उपाशी?" डॉक्टरने वर पाहिलं. "पोट फुटायला आलंय तिचं. एवढा दाणा एका दिवसात कुठल्या घोड्याला पचतो? आता माझ्या हातात काही राहिलं नाही."

ठुमकीने एकदा पाय झाडले. मग तिची मान साडूच्या मांडीवर टेकली, ती पुन्हा उचलली गेली नाही. साडू तिच्या आयाळीवरून हात फिरवत राहिला. दूधवाल्याला तिच्याकडे बघवेना.

डॉक्टरने पिशवी बंद केली. "काल हिला खायला कुणी घातलं होतं?"

"मी," दूधवाला खाली मान घालून म्हणाला.

आणि त्याच क्षणी साडूही म्हणाला, "मी."