खंदकांना पन्नास मिनिटं

खंदकांना त्यांनी पन्नास मिनिटं दिली आणि रेल्वेला साडेचार तास. मग पट्टी खाली सरकवून पुढची ओळ आखली. बारा दिवस, पाच रणभूमी, चार लष्करी संग्रहालयं, दोन माणसं. एकतीस वर्षं बस आगारात वेळापत्रकं बसवलेल्या माणसाला हे काही जड नव्हतं. जेवणाचं टेबल महिन्यापूर्वीच युरोपच्या नकाशाखाली गेलं होतं. ते आता ओट्याशी उभ्यानेच जेवत. एकट्याला टेबल कशाला लागतं, असं त्यांचं म्हणणं.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर अधूनमधून वर येत आणि मोहिमेची खबर घेत. लढाई बघायला एवढं लांब कशाला जायचं, आपल्या इमारतीची वार्षिक सभा आहे की, असं ते म्हणत. एकदा त्यांनी चष्मा लावून आराखडा नीट वाचला. जलद गाडी दीड तासात पोचवत असताना ही रखडगाडी का धरली, असं विचारलं. आगारात शिकलोय, हाताशी राखीव वेळ असावा, असं उत्तर मिळालं. कंपाउंडरांना ते पटलं नाही. पण चहा चांगला होता.

मुलगा दूरच्या शहरात पुलांच्या तपासणीचं काम करायचा. वय त्रेचाळीस. दर रविवारी सकाळी दहाला त्याचा फोन येई. आई होती तोवर फोन तिचाच असे. वडिलांच्या वाट्याला शेवटचं ‘बरं आहे ना’ तेवढं येई. ती गेल्यावर फोन त्यांच्याकडे आला, आणि बोलणं मात्र तेवढंच राहिलं. हवा कशी आहे, रक्तदाबाची गोळी घेतली का, पाणी आलं का. चार मिनिटांत सगळं आटपे. 

युद्धाचा विषय निघाला तरच गाडी पुढे सरके. कोणती तुकडी कुठे उतरली, माघार घेताना पूल कुणी उडवला, रणगाडे चिखलात कसे रुतले. मुलगा नऊ वर्षांचा असल्यापासूनची ही रीत. खाण तशी माती, असं नातेवाईक कौतुकाने म्हणत.

सहलीला मुलाने दोन महिन्यांपूर्वी हो म्हटलं होतं. आता व्हिसाचे अर्ज भरायला आठवडा उरला होता. या रविवारी वडिलांनी अख्खा आराखडा फोनवर वाचायला घेतला. सातव्या दिवशी, समुद्रकिनाऱ्यावरच्या संग्रहालयापाशी, मुलाने त्यांना थांबवलं.

“बाबा, एक सांगू? रागावू नका.”

“सांग.”

“मला हे युद्धाचं कधीच आवडलं नाही. तुम्ही बोलायचात म्हणून ऐकायचो. एरवी तुम्ही बोलायचात कुठे?”

मग तो बराच वेळ बोलत राहिला. लहानपणी तो तोफांची नावं पाढ्यांसारखी पाठ करायचा. कारण त्यातलं काही विचारलं, की बाबा वर्तमानपत्र खाली ठेवायचे. आता मात्र बारा दिवस शिरस्त्राणं आणि थडगी बघायच्या कल्पनेनेच त्याला धडकी भरत होती. तरी ही बाबांची मनापासूनची हौस असेल, तर तो कुरकुर न करता येणार होता. तसं नसेल, तर राहू दे. वर्षअखेरीला दोन दिवस तो नेहमीसारखा येऊन जाईलच.

वडिलांनी युद्धाच्या पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलं. चौतीस वर्षांपूर्वी मुलाने वर्तमानपत्रातल्या एका फोटोवर बोट ठेवून हे काय आहे, असं विचारलं होतं. तो रणगाडा आहे, याच्यापुढे त्यांना काही ठाऊक नव्हतं. मुलाशी काय बोलावं, हे तर त्याहून कमी ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी आगारातली पाळी संपल्यावर ते जन्मात पहिल्यांदा वाचनालयात गेले आणि युद्धावरचं एक पुस्तक घेऊन आले. ते पुस्तक संपवायला तीन आठवडे लागले. दर पानाला झोप येई. जखमींचे फोटो ते तळहाताने झाकून ठेवत. पण मुलाने आणखी एक प्रश्न विचारला, म्हणून त्यांनी दुसरं पुस्तक विकतच आणलं. मग तिसरं. आता कपाटात रिकामा खण उरला नव्हता.

खरं सांगितलं, तर दोन दिवस. खोटं सांगितलं, तर बारा.

“बाबा? ऐकताय ना? खरंच एवढी हौस आहे तुम्हाला?”

“जन्माची,” वडील म्हणाले.