गोपिकेचं आवतण

फाटकावर मनकर्णाला तिच्याच दिरानं अडवलं.

"वयनी, पायी नाही जाता येत आता," देवाजी म्हणाला. अंगातला खाकी सदरा त्यानं उगाच खाली ओढला. "जंगल पाहाले आलेल्या लोकायच्या गाडीतच जावं लागते. आन् गाडीतून खाली उतराचं नाही."

"मी काय जंगल पाहाले आली, भाऊजी? आपल्या घरी चालली."

घर म्हणावं असं आत काही उरलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी जंगल जनावरांसाठी राखून ठेवलं, तेव्हा त्यांचं गाव उठवून बाहेर डांबरी सडकेच्या कडेला नेऊन बसवलं होतं. पाहुण्यांना जंगल दाखवण्याची नोकरी मग देवाजीला मिळाली.

मनकर्णाच्या हातात पळसाच्या पानाचा द्रोण होता. त्यात हळदीच्या अक्षता. बुधवारी तिच्या धाकट्या पोराचं लग्न होतं. लग्न निघालं की पहिलं आवतण घरातल्या गेलेल्या माणसांना द्यायचं. थोरली गोपिका चार वर्षांची असताना तापानं गेली होती. तिला जुन्या घरामागच्या मोहाच्या झाडाखाली पुरलं होतं.

"माह्याजवळ दे," देवाजी हळूच म्हणाला. "उद्या गस्तीले जाईन तवा मी ठेवतो."

"लेकीले आवतण मायनंच द्या लागते."

तेवढ्यात नागपूरहून एक जीप आली. कॉलेजात शिकवणारे कृष्णकांत आणि त्यांची बायको शामला. फाटकावर थांबलेली बाई वारलेल्या लेकीला आवतण द्यायला आत निघाली आहे, एवढंच देवाजीनं सांगितलं, तशी शामला सरकून बसली. "या ना, आमच्या गाडीत जागा आहे."

मनकर्णा द्रोण मांडीवर घेऊन मागच्या बाजूला बसली. देवाजी पुढं, ड्रायव्हरजवळ.

"वाघ दिसेल ना हो?" कृष्णकांतांनी विचारलं.

"नशीब असलं तं दिसते, साहेब. इथं माणसाचा त्रास नाही, म्हणून जनावर निवांत राहते." रोजचंच वाक्य होतं ते. आज बोलून झाल्यावर त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

मनकर्णा बाहेर बघत होती. शेताचा एक बांध ओळखू आला. मग विहीर. तिच्या कठड्यावर मोरानं शीट टाकली होती. लोकांची शेतं कुठं संपली आणि जंगल कुठं सुरू झालं, ते आता सांगता येत नव्हतं. पुढच्या वळणावर तिनं द्रोणावर हात ठेवला.

मोह तिथंच होता. आधीपेक्षा मोठा झालेला. चैत्राची सकाळ, खाली फुलांचा सडा पडलेला, आणि वीसेक चितळं माना खाली घालून फुलं खात होती. अगदी बुंध्याशी, दोन मुळांच्या मध्ये, एक पाडस पाय पोटाशी घेऊन निजलं होतं.

देवाजीनं ड्रायव्हरला खूण केली. जीप थांबली.

"किती सुंदर!" शामला कुजबुजली. "इथं माणसाचा पायसुद्धा कधी लागला नसेल."

मनकर्णानं एक पाय खाली टाकला.

"वयनी..." देवाजी मागं वळला. "नको ना वं. मागच्या हप्त्यात मी एका साहेबले खाली उतरला म्हणून परत पाठवलं."

"अहो, उतरू द्या की," कृष्णकांत म्हणाले. "दोन मिनिटांचं तर काम आहे. कोण बघायला येतंय इथं?"

देवाजीनं मान फिरवली आणि दुसरीकडं, विहिरीच्या दिशेनं पाहत राहिला. नाही म्हणाला नाही.

मनकर्णानं पदर खोचला. इतक्यात दुसऱ्या बाजूनं शामलाही कॅमेरा घेऊन खाली उतरली. "त्या जातच आहेत, तर मी एक फोटो घेते. जवळून." ड्रायव्हरही विडी काढत उतरला. शामलाच्या चपलेखाली वाळलेली पानं मोडली. चितळांनी माना वर केल्या. एका मादीनं पाय आपटला, आणि बुंध्याशी निजलेलं पाडस दचकून उभं राहिलं. त्याचे पाय लटपटत होते. शामला कॅमेरा डोळ्याला लावून थेट मोहाकडं चालली होती, खाली न बघता.

मनकर्णानं पाय वर घेतला.

"बाई, माघारी या," ती म्हणाली. "भेलं थे लेकरू."

"तुम्हाला तर जायचंय ना?"

"नाही. चला आता. गाडी चालू द्या गा."

शामला ओशाळून परत आली. ड्रायव्हरनं विडी खिशात घातली. जीप निघाली तेव्हा चितळं तिथंच उभी होती, पळाली नव्हती. पाडस आईच्या पोटाखाली शिरलं. मनकर्णा मागं वळून बघत राहिली, झाड दिसेनासं होईपर्यंत.

पुढं दोन तास ते जंगलात फिरले. गवे दिसले, वाघ दिसला नाही. सगळ्या अक्षता द्रोणात तशाच होत्या.

फाटकापाशी उतरताना शामलानं मनकर्णाचा हात धरला. तिचे डोळे भरले होते. "माझ्यामुळं राहिलं हो तुमचं आवतण. लेकीला सांगायचंच राहून गेलं."

"तुमच्यानं नाही, बाई," मनकर्णा म्हणाली. सडकेपलीकडं टिनाच्या छपरांची रांग उन्हात चकाकत होती. ती तिकडं पाहत होती. "सांगतलं असतं तरी कशी आली असती थे? तिले नव्या गावचा रस्ता माहीत नाही."