भिंतीचा झोळ

भिंतीला टेकवलेल्या सरळ पट्टीमागून बाईंची करंगळी सहज आत गेली.

"पोट सुटलंय हिला," बाई म्हणाल्या. बाथरूमच्या जुन्या टाइल्स सकाळीच निघाल्या होत्या आणि मागची जिप्सम बोर्डाची भिंत उघडी पडली होती. कडेला आत गेलेली, मधे फुगलेली. दोन बोर्ड जिथं एकमेकांना भेटत होते तिथं तर त्यांचं उघड भांडण चाललेलं दिसत होतं.

टाइल बसवणाऱ्या मिस्त्रीनं ती लांब पट्टी कोपऱ्यात उभी केली. "काळजी नका करू, आजी. खड्ड्यात टाइल चिकटवायच्या केमिकलचा जाड गोळा, फुगवट्यावर पातळ हात. वरून टाइल अशी सरळ दिसेल की बघत राहाल."

"आणि मागे?"

"मागे कोण बघतंय?"

चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेल्या बाईसमोर हे बोलायला नको होतं. कुठलाही कपडा हातात आला की बाई तो आधी उलटा करून बघत. त्यांनी शिवणाच्या डब्यातलं अंगुस्तान आणलं, बोटात घातलं आणि सांध्यावर खालपासून वरपर्यंत टकटक करत गेल्या. सगळीकडे एकच पोकळ आवाज.

"मागे लाकूडच नाही. ज्यानं बसवलं त्यानं शिवण हवेत मारलीय. आता मला धरायचा दांडा कशात ठोकणार तुम्ही?"

मिस्त्रीनं दारात उभ्या असलेल्या बाईंच्या मुलाकडे पाहिलं. मुलाची मान फोनमध्ये होती.

"दांडा यादीत नाहीये, आई."

गेल्या महिन्यात टॉवेलची दांडी स्क्रूसकट बाईंच्या हातात आली होती आणि त्या याच फरशीवर आडव्या झाल्या होत्या. हे सगळं काम त्यासाठीच काढलंय, असं त्या समजून चालल्या होत्या.

"का नाही?"

"बरं नाही दिसत ते. आजाऱ्याचं घर वाटतं." मुलानं फोन खिशात टाकला. "तसंही तू आमच्याकडेच येणारेस ना आता? रविवारी दहाला लोक घर बघायला येतायत. तेवढं बाथरूम चकाचक दिसलं की झालं."

"येणारेस हे कोणी ठरवलं?"

"अगं, तू पडलीस ना!"

बाईंना भयंकर राग आला. पडलेल्या बाईला विचारायचं नसतं, हे त्यांना आज कळत होतं. त्यांनी खाली वाकून मिस्त्रीच्या पिशवीतली हातोडी उचलली.

"आजी, अहो—"

पहिल्या घावाला नुसता खळगा पडला. दुसऱ्याला भोक पडलं. बाईंनी त्यात चार बोटं घातली आणि सगळा जोर लावून ओढलं. भिजलेल्या बिस्किटासारखा बोर्डाचा मोठा तुकडा सुटून पायाशी पडला.

"आई! काय चालवलंयस हे?"

"उसवतेय. झोळ इस्त्रीनं जात नाही."

आत दोन उभी लाकडं होती, दोन्ही कललेली. मधे काही नव्हतं, नुसती ओल आणि काळी बुरशी. मिस्त्री उकिडवा बसून बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"आजी बरोबर बोलतायत, साहेब. यावर लावलेली टाइल वर्षभरात सुटली असती."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही दिसायचं बोललात, मी दिसायचं करत होतो." तो उठला आणि यापुढे बाईंशीच बोलू लागला. "ही ओल काढतो. उभी लाकडं पट्ट्या मारून ओळीत आणतो, मधे दोन आडवी टाकतो, वर नवा बोर्ड. मग टाइल. दांडा असा बसेल की मी लोंबकळलो तरी हलणार नाही. पण शनिवार रात्रीपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही."

"नाही लावत. शेजारी जाईन आंघोळीला."

"उंची किती ठेवू?"

बाई भिंतीसमोर उभ्या राहिल्या. डोळे मिटले, पाय घसरल्यासारखं अंग एका बाजूला सोडलं आणि हात झटकन पुढे टाकला. मुलगा धावत आत आला. तोवर त्यांची मूठ उभ्या लाकडावर घट्ट बसली होती.

"इथं," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीनं मुठीखाली पेन्सिलीची रेघ मारली. मुलगा त्यांच्या कोपराला धरून उभा होता. त्यांनी कोपर सोडवून घेतलं.

"आणि रविवारी ते लोक आले की मी त्यांना काय सांगू?" त्यानं विचारलं.

"दहाला ना? दहाला मी आंघोळीत असते. बाहेर थांबा म्हणावं."