पांढरा ठिपका

“हा पांढरा ठिपका दिसतो ना? ते त्या किड्याचं डोकं,” डॉक्टर प्रेरणा पेनचं टोक पडद्यावर टेकवत म्हणाल्या.

अनुसयाबाईंनी पदर नाकाला लावला. पडद्यावर त्यांच्या सुनेच्या, वर्षालीच्या मेंदूचा एमआरआय होता. मेंदूतल्या पाण्याच्या वाटेत फुग्यासारखी एक गाठ अडकून बसली होती आणि त्या गाठीत तो ठिपका. किडा! तोही डुकराच्या मांसातून येणाऱ्या जातीचा! ज्या घरात कधी अंडं फुटलं नाही, त्या घरच्या सुनेच्या टाळक्यात डुकराचा जंत. शी, शी, शी!

गाठीमुळे पाणी तुंबलं होतं. म्हणूनच डोकं ठणकत होतं, उलट्या होत होत्या, फिट येत होत्या. फिट आली की घरचे आजवर तिच्या नाकाला चप्पल लावत आले होते.

“कवटी उघडायची गरज नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “एक लहानसं छिद्र पाडून दुर्बीण आत घालू आणि गाठ काढून घेऊ. पण आजच. उशीर केला तर जीव जाईल.”

वर्षालीचा नवरा प्रफुल सही करायला उठला.

“सही कर, मी नाई म्हणत नाई,” अनुसयाबाई म्हणाल्या. “पण टाके निघाले की तिले बापाघरी नेऊन सोड. माह्या सैपाकघरात आता तिचं पाऊल नाई पायजे.”

काल जंताचा संशय निघाला तेव्हापासून त्यांनी सुनेचा गिलास वेगळा केला होता. तिची चादर त्या दोन बोटांनी उचलत होत्या. पोरगी नागपूरले होस्टेलात राहून शिकली, तिथं काय काय गिळलं असन देव जाणे, हे त्यांनी वॉर्डातल्या प्रत्येक बाईला सांगून झालं होतं.

दाराशी चाकाच्या खुर्चीत बसलेली वर्षाली सगळं ऐकत होती. “आई, देवाशपथ सांगतो, मी काई नाई खाल्लं हो,” ती म्हणाली आणि तेवढ्यात मांडीवरच्या भांड्यात भडभडून ओकली. अनुसयाबाईंनी पाय मागे घेतले. त्यांचे यजमान भैय्याजी खिडकीबाहेर बघू लागले. तिचं तोंड पुसलं ते नर्सनं.

डॉक्टरांचा आवाज चढला. “हिनं मांस खाल्लं असं कोण म्हणालं तुम्हाला? कच्चं मांस खाणाऱ्याच्या पोटात जंत वाढतो, डोक्यात नाही. त्याला तर पत्ताही लागत नाही. त्या जंताची अंडी शौचातून बाहेर पडतात आणि त्या माणसाच्या नखांत राहतात. त्या हातानं केलेलं जो जेवतो, त्याच्या मेंदूत हा किडा जातो. कधी बाहेरच्या खाण्यातून येतो, पण बरेचदा घरातलंच माणूस निघतं. हिनं डुक्कर नाही खाल्लं, बाई. हिनं कोणाची तरी घाण खाल्ली आहे. तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं?”

“मीच,” अनुसयाबाई ताठ मानेनं म्हणाल्या. “कणकेले तं मी कोणाले हातच नाई लावू देत.”

म्हणून झालं, आणि त्यांना ती गुडघ्यांची दवा आठवली.

दर हिवाळ्यात त्यांचे गुडघे धरायचे. आंजीहून त्यांची बहीण लीलाबाई पळसाच्या पानात गुंडाळून दवा पाठवायची. रानडुकराचं मांस. वाताले लय गरम, म्हणे. निखाऱ्यावर नुसतं धरायचं, पुरतं शिजवलं की गुण जातो, म्हणे. अनुसयाबाई गोठ्यामागं जाऊन नाक दाबून गिळायच्या आणि वर तुळशीचं पान चावायच्या. घरात कोणाला कळू दिलं नाही. ते खाणं थोडंच होतं? दवा होती. आणि गावातलं डुक्कर उकिरड्यावर लोळतं, रानातलं तर मुळ्या खातं, शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा खातं. त्याला डुक्कर म्हणावं हे आजवर त्यांच्या मनालाही शिवलं नव्हतं.

“हे बघा, कोणाच्या पोटात होता ते शोधत बसू नका,” डॉक्टर जरा मवाळ झाल्या. “घरातल्या सगळ्यांना औषध देते. सगळ्यांनी घ्या म्हणजे प्रश्न मिटला.”

“हे बेस झालं,” भैय्याजी सुटल्यासारखे म्हणाले. प्रफुलनं सही केली आणि मान वर न करता पुटपुटला, “आई म्हणते तं राहू दे तिले माहेरी. मंग पाहू.”

खरंच मिटला होता प्रश्न. सगळ्यांसोबत औषध घ्यायचं, पाणी प्यायचं, गप बसायचं. सून तिच्या घरी, आपण आपल्या घरी. कोणी बोटसुद्धा दाखवलं नसतं. अनुसयाबाईंनी हात पदराखाली घेतले. त्या हातांची त्यांना अशी किळस आली की ते कुठं ठेवावेत तेच कळेना. या हातांनी आपण पोरीला रोज जेवू घातलं आणि वर तिचाच गिलास वेगळा केला. थू आपल्या जिनगानीवर!

वॉर्डबॉयनं खुर्ची वळवली. “येतो, आई,” म्हणत वर्षाली त्यांच्या पायाशी वाकू लागली.

“नको वाकू, मायबाई,” अनुसयाबाई एकदम ओरडल्या. “प्रफुल, तिले कुठीसा नाई न्यायचं. ते आपल्याच घरी येईन.”

प्रफुल बघतच राहिला. “काऊन वं, आई?”

अनुसयाबाई डॉक्टरांकडे वळल्या आणि नवऱ्याला, लेकाला, सुनेला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं,

“बाई, रानातलं डुक्कर बी डुक्करच असते का हो?”