आत्याची बॅटरी

"वहिनी, जुळली का हो पत्रिका?" सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उघडून ठेवलेल्या माझ्या फोनकडे बघत नणंदेने विचारलं. मला हसू आलं नाही.

माझ्या मधुमेही लेकीच्या, मिहिकाच्या दंडावर सेन्सर आहे. साखर उतरली की माझ्या फोनवर भोंगा वाजतो. परवापासून फोनच मधेमधे बंद पडू लागला. नवी बॅटरी यायला आठवडा लागणार होता, म्हणून नणंदेने काच फुटलेल्या आपल्या त्याच मॉडेलच्या फोनची बॅटरी देऊ केली. पण तिनेही तो फोन कुणाकडून तरी जुनाच घेतलेला. बॅटरी नकली निघाली आणि ऐन वेळी तिने मान टाकली तर?

बॅटरी बसली. पडद्यावर 'अनोळखी भाग' अशी सूचना आली आणि मी शेजारी उभ्या मिहिकाला जवळ ओढलं.

"थांबा हो ताई," काउंटरवरची बाई म्हणाली, "बॅटरीचा नंबर कंपनीकडे तपासून येऊ दे."

"नाहीच जुळला, तर मी बसते मिहिकाजवळ भोंगा होऊन," नणंद म्हणाली. "आवाज आहेच माझा तसा."

फोन पुन्हा सुरू झाला. 'वापरलेली बॅटरी. अस्सल.' पाठोपाठ मिहिकाच्या साखरेचा आकडा उमटला, एकशे बारा. मी नणंदेच्या खांद्यावर डोकंच टेकलं.

मिहिकाने सवयीने बोट पुढे केलं. फोनवर विसंबता येईना, म्हणून परवापासून मी घडीघडी ते टोचून साखर बघत होते. आता सुई पर्समध्येच राहू दिली आणि त्या इवल्या बोटाचा पापा घेतला.

तिने लगेच दुसरंही पुढे केलं.