पुन्हा दाखव बरं

“अंगठ्यावर तर्जनी आपटायची. बोटं लांब न्यायची, पटकन मिटायची. मी करते तसं करा.”

लेकीनं स्वतः करून दाखवलं. तपासणीची रीतच तशी, आधी डॉक्टरनं करायचं, मग रुग्णानं. बाबांनी नीट पाहिलं आणि हात मांडीवर तसाच ठेवला.

“पुन्हा दाखव बरं.”

बाबा निवृत्त न्यायाधीश. त्यांचा कंपवात डाव्या हातापासून सुरू झाला, तेव्हा तो शेजारपाजारच्या सगळ्यांना दिसला. फक्त घरातल्या मेंदूतज्ज्ञाला दिसला नाही. तिला त्या वर्षी कंपवातावरच्या परिषदांमधून घरी यायला सवड नव्हती.

आता तिचं संशोधनच त्यावर होतं, की हा आजार हातापायांतून माणसाच्या समजेकडे कधी सरकतो. बाबांनी तिला एकदा बजावलं होतं, “हात गेले तर जाऊ देत. डोकं जायला लागलं की मला तोंडावर सांगायचं. आईच्या कानात नाही.” तिनं शब्द दिला होता. आणि परवा आईचा फोन आला, “हल्ली एकच गोष्ट सारखी विचारतात गं. तू कधी येणार, तू कधी येणार. ये एकदा.”

आताही आई खोलीच्या दारात उभी राहून तपासणी बघत होती. “चेहरा का असा? भांडून आलीस का कुणाशी?”

“नाही गं.”

“मग हस की जरा. त्या दिवशी मामा एवढे विनोद सांगत होते, तू आपली शोकसभेला आल्यासारखी.”

“मामाचे विनोद ही शोकसभाच असते, आई.”

“खांदा दुखतोय अजून?” बाबांनी विचारलं.

“कॉम्प्युटरमुळे होतं ते. आमच्या अख्ख्या विभागाचे खांदे तसेच आहेत.” खांद्याचं त्यांच्या लक्षात होतं, तिला तेवढ्यानंही बरं वाटलं. “बाबा, आज वार कोणता?”

“तू घरी आहेस म्हणजे रविवार. कामाच्या दिवशी तू आम्हाला ओळखत नाहीस.”

आई हसली. लेकीनं उत्तर बरोबर धरलं आणि पुन्हा बोटं पुढे केली.

“यात बघायचं काय असतं?” बाबांनी विचारलं.

“सुरुवातीला बोटं लांब जातात. मग अंतर हळूहळू कमी होत जातं, मध्येच अडखळतं. करणाऱ्याला पत्ता नसतो. त्याला वाटतं, आपलं झकास चाललंय. म्हणून समोर बघणारा लागतो.”

“म्हणजे साक्षीदार.”

“हो, साक्षीदार. चला, करा.”

“डाव्या हातानं कसं करायचं? दाखव.”

तिनं दाखवलं.

“थांबू नकोस. अजून थोडा वेळ.”

तिनं अजून थोडा वेळ दाखवलं. बाबा पुढे वाकून बघत होते. त्यांचे स्वतःचे हात जागचे हलले नाहीत.

“आता उजव्यानं. हं. पुन्हा डाव्यानं.”

तिनं तेही केलं. ज्या माणसासमोर भलेभले वकील चाचरत, त्याला दोन बोटांची सूचना पोचत नव्हती. पोचली तरी टिकत नव्हती. हे तिनं शेकडो रुग्णांत पाहिलं होतं आणि त्यांच्या मुलांना शांतपणे समजावूनही सांगितलं होतं. ती मुलं तेव्हा मान डोलावून खिडकीबाहेर का बघत बसायची, ते तिला आज कळलं.

“आई, तू जरा आत जातेस?”

“मी कुठेही जात नाही,” आई म्हणाली. तिच्या आवाजातलं हसू गेलं होतं.

लेकीनं खुर्ची पुढे ओढली.

“बाबा, तोंडावर सांगायचं ठरलंय आपलं. म्हणून विचारते. मी काय करायला सांगतेय, ते तुम्हाला खरंच समजत नाहीये का?”

बाबांनी थरथरता हात उचलला. अंगठ्यावर तर्जनी आपटली, बोटं लांब नेली, पुन्हा आपटली. अगदी तिनं पहिल्यांदा सांगितलं होतं तशी. मग तोच हात त्यांनी तिच्या डाव्या हातावर ठेवला.

“समजतंय, बाळा. डावा मध्येच अडखळतो,” ते म्हणाले. “मी केव्हाचा तुझाच हात बघतोय.”