लाल टॉवेल

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये कोंडाजींच्या खोलीखालीच बँडवाल्यांची तालीम चाले. लेकीला, कुंदाला, बघायला पाहुणे येणार म्हणून त्यांनी बँडमास्तरांना विनवलं, "पाहुणे गेले की गॅलरीत लाल टॉवेल वाळत घालतो. तोवर चिडीचूप!" पोहे झाले. मुलगा कुंदाकडे बघून दोनदा हसला. त्याचे वडील मात्र चपला घालत म्हणाले, "कळवतो." हाच शब्द बोलून आधीची चार स्थळं गेली ती गेलीच. कुंदा कपबशा उचलायच्या निमित्ताने उठली, गॅलरीत गेली आणि तिने कठड्यावर टॉवेल टाकला. वाजणार तर नक्की, पण काय? कालपासून पाठवणीचं रडकं गाणं चाललं होतं! खाली ढोल कडाडला आणि वरातीचंच गाणं सुरू झालं. मुलाचे पाय थिरकले. वडील थबकले, "अहो, शुभशकुन! कळवायचं काय, पसंत!" कोंडाजींनी कोरड्याठाक टॉवेलकडे पाहिलं, मग लेकीकडे. "ओला होता, बाबा."